अस्थिमज्जा प्रतिरोपण, रक्तगटभेद व रक्ताधान

रोग्याच्या अस्थींतील सदोष वा निकामी झालेली मज्जा तीव्र औषधांनी किंवा प्रारणाने नष्ट करून तिच्या जागी निरोगी दात्याच्या मज्जेतील मूल कोशिका नीलेवाटे घालणे, या उपचारास अस्थिमज्जा प्रतिरोपण म्हणतात. मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या प्रतिरोपणात दाता व ग्राहक यांचे रक्तगट परस्परांना अनुकूल असणे सामान्यतः आवश्यक मानले जाते. मज्जेच्या बाबतीत तशी अट नाही. भिन्न रक्तगटाच्या दात्याची मज्जाही ग्राहकाच्या अस्थींत रुजते, तेथे रक्तकोशिका निर्माण करू लागते आणि काही महिन्यांनी ग्राहकाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. या मधल्या काळात एकाच शरीरात दोन गटांचे रक्त वाहत असते आणि नेमक्या याच काळात रोग्याला बाहेरून रक्त देण्याची गरज सर्वाधिक असते. कोणते रक्त द्यावे, त्यातील कोणता घटक कोणत्या गटाचा असावा आणि तो किती दिवस द्यावा, हे प्रश्न त्यामुळे रोग्याच्या जीविताशी थेट निगडित होतात. महाराष्ट्रात या विषयाला चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशाच्या संदर्भात विशेष महत्त्व आहे. कारण तेथे मोठ्या प्रमाणात आढळणाऱ्या दात्र कोशिका पांडुरोगाचा (लोकभाषेत ‘सिकलसेल’) समूळ परिहार करणारा, दीर्घ अनुभवाने सिद्ध झालेला उपचार म्हणजे मज्जा प्रतिरोपण हाच होय.

पूर्वीच्या चांदा म्हणजे नंतरच्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश दाट जंगलांचा असून गोंड, माडिया, परधान, कोलाम, हळबा इ. जमातींची तेथे वस्ती आहे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचा स्पर्श दीर्घकाळ केवळ वडसा (देसाईगंज) या एकाच ठिकाणी होता. भामरागड हे तालुक्याचे ठिकाण नागपूरपासून तीनशे कि. मी.हून अधिक दूर असून पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. हिवतापाचे या भागात पिढ्यान्‌पिढ्या ठाण आहे. पुढील विवेचनात या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे अंतराचा व हिवतापाचा, संबंध पुन्हा येणार आहे.

दात्र कोशिका पांडुरोग : तांबड्या रक्तकोशिकांतील रक्तारुण (हीमोग्लोबिन) या प्राणवायुवाहक प्रथिनात आनुवंशिक दोष असल्यास प्राणवायू कमी होताच त्याचे रेणू एकमेकांस चिकटून दांड्यांसारखे होतात आणि गोलसर कोशिकेला दात्राचा म्हणजे विळ्याचा आकार येतो. अशा ताठर कोशिका सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे, पोट व छाती यांत असह्य कळा येतात, प्लीहा हळूहळू निकामी होते, जंतुसंसर्ग वारंवार होतो आणि काही मुलांना पक्षाघातही होतो. निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस जगते, दात्र कोशिका १० ते २० दिवसांत नष्ट होते. म्हणून पांडुरोग कायमचा जडतो. शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा रोग असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी या प्रथिनाच्या एका शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल आल्याने सारा दोष उद्भवतो, हे सिद्ध केले.

भारतात हा रोग प्रथम १९५२ मध्ये लक्षात आला. लेमान व कटबुश यांना तो निलगिरीतील जमातींत, तर डनलॉप व मझुमदार यांना आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत आढळला. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद केली आणि विदर्भाचे नाव या रोगाच्या नकाशावर आले. पुण्यातील सु. ल. काटे यांनी पुढील काही दशकांत महाराष्ट्रातील जमातींच्या ज्या विस्तृत पाहण्या केल्या, त्यांवरून वाहकांचे (ज्यांना हा जनुक माता-पित्यांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो असे, व्यवहारात ‘एएस’) प्रमाण निरनिराळ्या जमातींत शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे दिसून आले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान व ओतकर या जमातींत ते २० टक्क्यांहून अधिक भरले. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार हे सर्वाधिक रोगी असलेले जिल्हे ठरले. हा केवळ आदिवासींचा रोग आहे हा समज मात्र बरोबर नाही. विदर्भात पूर्वाश्रमीचे महार, कुणबी, तेली इ. समाजांतही तो आढळतो.

जनुकाचे प्रमाण येथेच इतके का, याचे उत्तर ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले होते. वाहक बालकाला घातक हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशात हा जनुक टिकून राहतो व वाढतो. ज्या जंगलाने जमातीला हिवताप दिला, त्यानेच हा जनुकही जपला, असे म्हणता येईल. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.

रोग ठाऊक झाला तरी तो लोकांचा प्रश्न बनण्यास वेळ लागला. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केल्यावर आरंभीच्या काळात जी संशोधने हाती घेतली, त्यांत दात्र कोशिका जनुकाची पाहणी होती. हा जनुक तेथे मोठ्या प्रमाणात असल्याचे तीतून निष्पन्न झाले. परंतु गावकऱ्यांनी त्यात फारसा रस घेतला नाही. ज्या रोगावर उपाय नाही, त्याचे केवळ नाव कळून काय उपयोग, हा त्यांच्या उदासीनतेचा अर्थ होता आणि त्या वेळच्या परिस्थितीत तो अवाजवी म्हणता येत नाही. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यासमोरही आरंभी हिवताप, कुपोषण, भाजणे व अस्वलाने केलेल्या जखमा यांचीच रीघ होती.

रक्तगटांचा शोध व मुंबईचे कार्य : कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये माणसांच्या रक्ताचे गट असल्याचे व्हिएन्ना येथे दाखविले. तांबड्या कोशिकांच्या पृष्ठभागावरील ए व बी या प्रतिजनांच्या असण्यानसण्यावरून ए, बी, एबी व ओ असे चार गट पडतात. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, जो प्रतिजन आपल्या कोशिकांवर नाही, त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड माणसाच्या रक्तद्रवात बालपणापासूनच आपोआप तयार असतात. ओ गटाच्या माणसात प्रति-ए व प्रति-बी असे दोन्ही असतात, एबी गटात एकही नसतो. चुकीच्या गटाचे रक्त दिल्यास तांबड्या कोशिका फुटतात (रक्तविलयन), मूत्रपिंडे निकामी होतात व मृत्यूही ओढवतो. पहिल्या महायुद्धात सालोनिका येथे हिर्शफेल्ड दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले, तेव्हा भारतीय सैनिकांत बी गटाचे प्रमाण यूरोपीयांपेक्षा बरेच अधिक आढळले. भारतात आजही सु. एकतृतीयांश लोक बी गटाचे आहेत. यूरोपीय ग्रंथांतील उदाहरणे बहुधा ए व ओ यांच्याभोवती फिरतात. भारतात मात्र ए व बी यांची गाठ अधिक वेळा पडते आणि दुहेरी भेदाचा, म्हणजे सर्वांत अवघड, प्रसंग येथे तुलनेने अधिक येतो.

रक्तगटशास्त्रात महाराष्ट्राचे नाव मुंबईतील एका शोधामुळे कायमचे नोंदले गेले आहे. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी १९५२ मध्ये एक नवाच गट जाहीर केला. रक्ताची गरज असलेल्या काही रोग्यांचे रक्त नेहमीच्या चाचणीत ओ गटासारखे दिसत होते, पण त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या कोशिकांचेही समूहन (गुठळ्या) करीत होता. ए व बी हे दोन्ही प्रतिजन ज्या मूळ द्रव्यापासून बनतात, ते एच हे द्रव्यच या व्यक्तींत नव्हते. या गटास ‘बाँबे’ हे नाव मिळाले. तो भारतात सु. दहा हजारांत एका व्यक्तीत आढळतो आणि अशा व्यक्तीला त्याच गटाचे रक्त द्यावे लागते. योगायोग असा की, भारतात दात्र कोशिकांचा शोधही त्याच वर्षीचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था हे त्याचेच विस्तारलेले रूप असून ते परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. या संस्थेचा चंद्रपूरशी आलेला संबंध पुढे सांगितला आहे.

मज्जा प्रतिरोपणाचा उदय : किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट झालेल्या प्राण्यांना दुसऱ्याची मज्जा दिल्यास ते जगतात, हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या प्रयोगांतून कळले होते. ई. डॉनल टॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांत नीलेवाटे मज्जा घालण्याचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रोगी दगावले. कारण ऊतकांची जुळणी करण्याचे साधनच नव्हते. झां दॉसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या कोशिकांवरील प्रतिजनांचा शोध लावल्यावर ती दिशा खुली झाली. या ऊतक प्रतिजनांना एचएलए म्हणतात. दॉसे यांना १९८० मध्ये व टॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तगटभेदाचा प्रश्न पहिल्या यशस्वी प्रयत्नातच उभा राहिला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रॉबर्ट गुड व त्यांचे सहकारी यांनी मिनीआपोलिस येथे १९६८ मध्ये जन्मतः प्रतिरक्षाशक्ती नसलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली. मुलाचा रक्तगट ए, तर बहिणीचा ओ होता. बहिणीच्या कोशिकांनी मुलाच्या रक्तोत्पादक कोशिकांवर हल्ला केला व त्याची मज्जा निष्क्रिय झाली. तेव्हा तिचीच मज्जा दुसऱ्यांदा देण्यात आली. मूल वाचले आणि त्याचा रक्तगट ओ झाला. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील रॉबर्ट गेल व सहकाऱ्यांनी ग्राहकाच्या रक्तद्रवाची अदलाबदल करून प्रतिपिंड कमी केल्यास विरुद्ध गटाची मज्जाही निर्धोकपणे देता येते, हे दाखविल्यावर रक्तगट हा प्रतिरोपणाच्या मार्गातील अडसर राहिला नाही.

भारतातील पहिले यशस्वी मज्जा प्रतिरोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी केले. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती, तिला तीव्र रक्तार्बुद (रक्ताचा कर्करोग) झालेला होता आणि दाता तिचा भाऊ होता. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ मध्ये हे काम सुरू झाले. दात्र कोशिका पांडुरोग या उपचाराने बरा होतो, हे मात्र जवळजवळ अपघाताने समजले. अमेरिकेतील मेंफिस येथे एका मुलीला रक्तार्बुदासाठी मज्जा देण्यात आली होती. तिला दात्र कोशिका पांडुरोगही होता आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार तोही नाहीसा झाला. त्यानंतर मुद्दाम याच रोगासाठी प्रतिरोपण करण्यास आरंभ झाला.

जुळणीचे गणित : एचएलए प्रतिजनांचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर, एबीओ रक्तगटाचा जनुक नवव्या आणि दात्र रक्तारुणाचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतो. ही तिन्ही लक्षणे परस्परांपासून स्वतंत्रपणे वारशात उतरतात. म्हणून जो भाऊ ऊतकांनी तंतोतंत जुळतो, त्याचा रक्तगट वेगळा असू शकतो आणि ज्याचा रक्तगट जुळतो त्याचे ऊतक जुळेलच असे नाही. सख्ख्या भावंडांत ऊतके पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक आहे. वाहक माता-पित्यांच्या कुटुंबात ते भावंड स्वतः रोगमुक्त असण्याची शक्यता चारांत तीन. दोहोंचा गुणाकार केला, तर एखादे भावंड योग्य दाता असण्याची शक्यता सोळांत तीनच उरते आणि रोग्याला दोन भावंडे असली तरी त्यांपैकी किमान एक उपयोगी पडण्याची शक्यता सु. एकतृतीयांश एवढीच असते. वाहक भावंडाची मज्जा चालते. हे ठाऊक नसल्यामुळे ‘एएस’ असा शिक्का बसलेले भावंड स्वतःस अपात्र समजते. इतक्या चाळणीतून जो एखादा दाता हाती लागतो, त्याला केवळ रक्तगट भिन्न म्हणून नाकारणे परवडणारे नसते. भावंडांच्या प्रतिरोपणांपैकी सु. एकतृतीयांशात एबीओ भेद असतोच.

भेदाचे प्रकार व परिणाम : भेद तीन प्रकारचा असतो. ग्राहकाच्या रक्तद्रवात दात्याच्या कोशिकांविरुद्ध प्रतिपिंड असल्यास (उदा., ग्राहक ओ, दाता बी) तो मुख्य भेद होय. दात्याचे प्रतिपिंड ग्राहकाच्या कोशिकांविरुद्ध असल्यास (ग्राहक बी, दाता ओ) तो गौण भेद, आणि दोन्ही एकदम असल्यास (ए व बी) दुहेरी भेद म्हणतात. ‘गौण’ हे नाव फसवे आहे. त्यातील धोका गौण नसून केवळ त्याची वेळ निराळी असते.

मूल कोशिकांवर ए व बी हे प्रतिजन जवळजवळ नसतात. म्हणून प्रतिपिंड असूनही मज्जा रुजते. मुख्य भेदात मज्जेबरोबर येणाऱ्या दात्याच्या तांबड्या कोशिका फुटू नयेत, म्हणून त्या आधीच यंत्राने वेगळ्या काढतात. परंतु खरी अडचण पुढे येते. ग्राहकाच्या जुन्या लसीका कोशिका व प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या कोशिका प्रतिरोपणानंतरही काही आठवडे, कधी अनेक महिने जिवंत राहतात आणि नव्या मज्जेत आकार घेणाऱ्या तांबड्या कोशिका उमलताच खुडल्या जातात. पांढऱ्या कोशिका व बिंबाणू (प्लेटलेट) यांची संख्या भरून येते, पण तांबड्या कोशिका मुळीच निर्माण होत नाहीत. या अवस्थेत रोग्याला दर एकदोन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. बहुधा प्रतिपिंडांची पातळी घसरली की ती आपोआप संपते. न संपल्यास प्रतिरक्षाशामक औषधे कमी करणे, स्टेरॉइडे किंवा प्रतिपिंडनिर्मिती रोखणारी औषधे देणे इ. उपाय करतात. दात्र कोशिका रोगात अलीकडे सौम्य पूर्वोपचाराची पद्धत वापरतात. तीत ग्राहकाची जुनी प्रतिरक्षाव्यवस्था काही अंशी शिल्लक राहते आणि म्हणून ही अडचण अधिक काळ टिकू शकते.

गौण भेदात दात्याच्या मज्जेबरोबर आलेल्या लसीका कोशिका नव्या शरीरात जाग्या होऊन ग्राहकाच्या उरलेल्या कोशिकांविरुद्ध प्रतिपिंड बनवू लागतात. प्रतिरोपणानंतर पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास रक्तारुण एकाएकी घसरते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. हे दिवस रोगी रुग्णालयात असतानाचे असल्याने ते सहसा वेळीच लक्षात येते. त्यासाठी दररोजची तपासणी आवश्यक असते.

रक्त कोणते द्यावे : सर्वसाधारण नियम असा की, तांबड्या कोशिका ग्राहक व दाता या दोघांच्या प्रतिपिंडांना चालतील अशा, आणि रक्तद्रव व बिंबाणू दोघांच्या कोशिकांना चालतील असे द्यावयाचे. समजा, एटापल्ली तालुक्यातील बी गटाच्या मुलीला तिच्या ओ गटाच्या भावाची मज्जा मिळाली, तर तिला तांबड्या कोशिका ओ गटाच्या, पण बिंबाणू बी किंवा एबी गटाच्या दिले जातील. उलट मुलगी ओ गटाची व भाऊ बी गटाचा असल्यास तांबड्या कोशिका ओ गटाच्याच आणि बिंबाणू बी वा एबी गटाचे. ए व बी यांच्या दुहेरी भेदात तांबड्या कोशिका ओ गटाच्या व रक्तद्रव केवळ एबी गटाचा. एबी गटाचे दाते सर्वांत थोडे असल्याने हीच मागणी भागविणे सर्वांत कठीण जाते. हा नियम पूर्वोपचार सुरू झाल्यापासूनच लागू होतो. ग्राहकाचे जुने प्रतिपिंड नाहीसे झाले आणि कोशिकांचा गट स्पष्टपणे दात्याचा दिसू लागला की मग तांबड्या कोशिका दात्याच्या गटाच्या देतात.

रक्तगटाचा बदल मात्र कधीच संपूर्ण होत नाही. रक्तकोशिका दात्याच्या झाल्या, तरी रक्तवाहिन्यांचे अस्तर, त्वचा, लाळ इत्यादींतील प्रतिजन जन्मजात गटाचेच राहतात. उपर्युक्त मुलीचे रक्त ओ गटाचे झाले, तरी तिच्या रक्तद्रवात प्रति-ए आढळेल, प्रति-बी बहुधा आढळणार नाही. कारण तिच्या ऊतकांवर बी अजून आहेच. चाचणीच्या दोन बाजू (कोशिकांची व रक्तरसाची) एकमेकींशी न जुळल्यामुळे, पूर्वेतिहास ठाऊक नसलेला प्रयोगशाळा-तंत्रज्ञ संभ्रमात पडतो. गटाचा एकच शब्द लिहिलेले जुने ओळखपत्र अशा रोग्याच्या बाबतीत धोक्याचे ठरते. प्रतिरोपणाची तारीख, ग्राहकाचा मूळ गट, दात्याचा गट व द्यावयाच्या प्रत्येक घटकाचा गट, एवढे तपशील त्याच्याजवळ लेखी असावे लागतात.

गटाखेरीज आणखी दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. दिलेल्या रक्तातील जिवंत लसीका कोशिका दुर्बल ग्राहकाच्या शरीरावर उलटून जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरणारा विकार निर्माण करू शकतात. म्हणून रक्ताच्या पिशवीवर २५ ग्रे एवढ्या मात्रेचे प्रारण सोडून त्या निष्प्रभ करतात. तसेच गाळणीने पांढऱ्या कोशिका काढून टाकतात. दात्र कोशिका रोग्यात मेंदूतील रक्तस्रावाचा धोका अधिक असल्याने बिंबाणूंची संख्या इतर रोग्यांपेक्षा वरच्या पातळीवर, म्हणजे घन मिमी.मध्ये ५०,००० च्या वर राखतात. बिंबाणू २०°–२४° से. तापमानात, सतत हलते ठेवून, केवळ ५ दिवस टिकतात.

वनप्रदेशातील अडचणी : या सर्व नियमांचा विचार शहरी रक्तपेढी गृहीत धरून झालेला आहे. जंगलातील तालुक्यात त्यांचा अर्थ वेगळा होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढी असली, तरी प्रारणित रक्त व बिंबाणू यांसाठी मोठ्या शहराचाच आश्रय घ्यावा लागतो. म्हणून प्रतिरोपण झालेल्या मुलाला पहिले सु. शंभर दिवस व अनेकदा त्याहूनही अधिक काळ रुग्णालयाजवळ राहावे लागते. त्याच्याबरोबर आई किंवा वडील अडकून पडतात आणि तेंदूपानांचा किंवा धानाच्या रोवणीचा हंगाम हातचा जातो. उपचाराच्या खर्चाचा हिशेब करताना हा खर्च सहसा कोणी धरीत नाही.

रक्त मिळविण्याची रूढ रीतही येथे अडचणीची ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले, हे उचितच झाले. परंतु ऐच्छिक रक्तदान पुरेसे नसल्याने नातेवाइकांनी रक्त देऊन पिशवी बदलून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ राहिली. प्रतिरोपणाची शक्यता असलेल्या रोग्याला त्याच्या भावंडांचे वा माता-पित्यांचे रक्त देणे टाळावे लागते. कारण त्यामुळे रोग्याचे शरीर त्यांच्या ऊतकांविरुद्ध आधीच सजग होते आणि पुढे त्यांचीच मज्जा नाकारते. शिवाय, ज्या समाजात पाचांत एक माणूस वाहक आहे, तेथे दात्यांतही वाहक असणारच. वाहक माणूस निरोगी असतो व त्याचे रक्त इतरांस चालते. पण दात्र कोशिका रोग्याला ते देऊ नये, कारण अशा रोग्याला रक्त देण्याचा हेतूच त्याच्या शरीरातील दात्र रक्तारुणाचे प्रमाण (प्रतिरोपणापूर्वी बहुधा ३० टक्क्यांच्या खाली) उतरविणे हा असतो. वाहकाचे रक्त पांढऱ्या कोशिका काढण्याच्या गाळणीतही पुष्कळदा अडकते. म्हणून या प्रदेशातील रक्तपेढीत दात्याच्या रक्ताची विद्राव्यता चाचणी करणे हे चैनीचे काम नव्हे.

वारंवार रक्त दिलेल्या रोग्यात आर्‌एच्, केल इ. इतर गटांविरुद्धचे प्रतिपिंडही निर्माण होतात व पुढे अनुरूप रक्त मिळेनासे होते. मज्जेची वेळ येईपर्यंत रक्त कमीत कमी लागावे, यासाठी हायड्रॉक्सियूरिया हे औषध उपयोगी पडते. ते अल्प मात्रेतही परिणामकारक ठरते, असे दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांना नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील रोगी मुलांत आढळले (२०१२).

शासकीय प्रयत्नांना वेग आला तो या शतकात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमात दात्र कोशिका रोगाचा समावेश झाला. चंद्रपूर येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचे रक्तारुणविकृतींचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र उभे राहिले व ११ डिसेंबर २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. अशा प्रकारे ज्या संस्थेच्या पूर्वसूरींनी बाँबे रक्तगट शोधला, तिची एक शाखा वनप्रदेशाच्या उंबरठ्यावर आली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय दात्र कोशिका पांडुरोग निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीबरोबर एचएलए व रक्तगट यांची कुटुंबनिहाय नोंद झाल्यास दात्याचा शोध रोगी अत्यवस्थ होण्यापूर्वीच घेता येईल. मात्र अभियानाचा भर मुख्यतः वाहकांची ओळख व विवाहपूर्व सल्ला यांवर आहे. ओळखपत्रामुळे ठरलेली सोयरीक मोडते, म्हणून तपासणीच चुकविण्याकडे काही कुटुंबांचा कल असतो, ही त्याची दुसरी बाजू होय. थॅलसीमियाच्या रोग्यांसाठी कोल इंडिया या सार्वजनिक कंपनीने २०१७ पासून मज्जा प्रतिरोपणास आर्थिक साहाय्य सुरू केले. तिच्या उपकंपनीच्या कोळसा खाणी चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे दात्र कोशिका रोगावरील जनुकोपचारास मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच मूल कोशिका बाहेर काढून त्यांतील जनुकीय रचनेत बदल करून त्या परत घालतात. दाता नसल्याने ऊतकांची जुळणी किंवा रक्तगटभेद यांचा प्रश्नच येत नाही. परंतु कोशिका गोळा करण्यापूर्वी काही आठवडे रोग्याचे रक्त वारंवार बदलावे लागते, जुनी मज्जा औषधांनी नष्ट करावी लागते आणि नवी रुजेपर्यंत प्रारणित तांबड्या कोशिका व बिंबाणू पुरवावेच लागतात.